अंश सेल्सियस, डोंबिवली पूर्व

डोंबिवलीत कोणालाही तापमान विचारा, आकडा दोन-तीन अंश वाढवूनच मिळतो. पूर्वेचा माणूस चाळिसाला बेचाळीस म्हणतो, पश्चिमेचा त्रेचाळीस. कल्याणकर दोघांचंही ऐकून घेतो आणि मग, "एप्रिलात भर दुपारी दुर्गाडीच्या पुलावर उभं राहून दाखवा," एवढंच म्हणतो. ठाणेकर या वादात उतरत नाहीत, कारण त्यांच्याकडे तलाव आहेत. तलावपाळीला संध्याकाळी गार वारा सुटतो असं ते सांगतात, आणि तो खायला इतकी माणसं जमतात की वाऱ्यालाच आत शिरायला वाट उरत नाही. घोळक्यात कोणी बदलापूरचा निघाला तर सगळ्यांनी मुकाट्यानं विषय बदलावा.

या बढाईच्या मुळाशी थोडा खरा भूगोल आहे. मार्च-एप्रिलात पूर्वेकडून, तापलेल्या जमिनीवरून येणारे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचा वारा आत शिरायला उशीर करतो. मुंबईला तो दुपारी का होईना, भेटतो. खाडी ओलांडून, पारसिकचा डोंगर चुकवून आमच्यापर्यंत येईतो आमचा दुपारचा चहा झालेला असतो. आणि येतो तोही गारवा मुंबईत उतरवून, फक्त दमटपणा सोबत घेऊन.

अशा आकडेप्रेमी गावात प्रोसेसरचं तापमान दाखवणारे प्रोग्रॅम घरोघरी पोचले, हे आगीत तेल झालं.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी शेअर बाजारासाठी डेस्कटॉप असेंबल करून घेतला. भाच्यानं त्यात कोअर टेम्प नावाचा एक छोटा प्रोग्रॅम टाकून दिला आणि तो पुण्याला निघून गेला. (भाचे असंच करतात.) सहा कोअर, सहा आकडे, आणि सहाही दर सेकंदाला बदलणारे. उभी हयात लेजर जुळवण्यात घालवलेल्या माणसापुढे न जुळणारे सहा आकडे ठेवणं हा छळ आहे. काकांनी कालनिर्णयवर नोंदी सुरू केल्या. दुधाचे खाडे आणि 'गॅस लावला' यांच्या मधल्या जागेत सकाळचं एक रीडिंग, दुपारचं एक. काकू चतुर्थी कधी आहे ते बघायला जातात, तर चंद्रोदयाच्या आधी त्यांना प्रोसेसरचा ताप दिसतो.

एके दिवशी काकांनी मला जिन्यातच गाठलं. "ऐंशीच्या वर गेला होता. बंद केला. झाकण काढून टेबलफॅन लावलाय."

"काका, ऐंशीला काही होत नाही."

"काही होत नाही कसं? शंभराला पाणी उकळतं!"

योगायोग असा की इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची वरची मर्यादा नेमकी १०० अंशच आहे. एएमडीच्या रायझन घराण्यात ती मॉडेलप्रमाणे ९०-९५च्या आसपास असते. पण त्या आकड्याला कोणी उकळत नाही. तिथवर पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग आणि व्होल्टेज उतरवतो, काम रेंगाळत करतो. त्यातूनही ताप चढतच राहिला तर मशीन आपणहून बंद पडतं. नुसतं चालू ठेवलेलं असताना आमच्या हवेत ४० ते ५०, कामाला जुंपल्यावर ७० ते ८५, इथपर्यंत काळजी करू नये. काहीच काम नसताना ७० दिसत असतील, किंवा गेम लावल्याबरोबर आकडा थेट मर्यादेला जाऊन चिकटत असेल आणि चित्र अडखळत असेल, तर झाकण उघडून बघावं. २०२२च्या सप्टेंबरात रायझन ७००० मालिका आली, तेव्हा तर कंपनीनंच जाहीर करून टाकलं की जोराच्या कामात ९५ अंश हेच आम्ही ठरवलेलं ठिकाण आहे, घाबरू नका. हे मी काकांना सांगितलं नाही. काही माहिती समोरच्याचं ब्लडप्रेशर बघून द्यावी.

गंमत अशी की ही काळजी ज्या देहाला लागली आहे, त्याची स्वतःची मोकळीक किती? ३७ला सगळं ठीक आणि ४०च्या पुढे उष्माघात. जेमतेम तीन अंश. किनारपट्टीवर दुपारचं तापमान ३७ला पोचलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, की हवामान खात्यात उष्णतेच्या लाटेची चर्चा सुरू होते. प्रोसेसरला ३७ म्हणजे हुडहुडी. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी तो आकडा बघायचा असेल तर कॉम्प्युटर बंद असायला हवा.

शिवाय आपलं थंड होणं सगळं घामावर. घाम वाळला तर गारवा, आणि मे महिन्यात डोंबिवलीत घाम वाळत नाही, नुसती जागा बदलतो. प्रोसेसरला घामच येत नाही. हवेत दमटपणा ८० टक्के आहे की २०, याचं हीटसिंकच्या पात्यांना सोयरसुतक नसतं. हवा किती गरम आहे आणि किती वेगानं जाते, एवढंच त्यांना कळतं. त्यामुळे इथल्या हवेत राहायला आमच्यापेक्षा तोच जास्त लायक आहे. विदर्भातून बदलून आलेले लोक पहिल्या उन्हाळ्यात हौसेनं वाळ्याचा कूलर लावतात आणि आठवड्याभरात घरातले पापड वातड होतात. त्या कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे वळवणारेही मी पाहिले आहेत. प्रोसेसर दोन अंश उतरतो आणि कॅबिनेटचे स्क्रू गंजतात.

आकड्यांचा खरा घोटाळा खोलीपासून सुरू होतो. पंखा आणि हीटसिंक कितीही महागाचे आणा, ते प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाहीत. खोलीच्या वर तो किती चढेल, एवढंच त्यांच्या हातात असतं. परदेशातल्या चाचण्या बहुधा २१-२२ अंशांच्या खोलीत होतात. समजा तिथे प्रोसेसर ७० दाखवतो, तर तो खोलीच्या ४८ वर आहे. तोच प्रोसेसर, तोच पंखा मे महिन्याच्या दुपारी आमच्या ३५ अंशांच्या हॉलमध्ये आणा: ८३. यंत्र ठणठणीत आहे, वरचे तेरा डोंबिवलीचे. कॅबिनेट कोंदट असेल तर त्यात आणखी पाच-सात घाला. पण रामनगरातला मुलगा जर्मनीतल्या मुलाचे ७० बघतो, स्वतःचे ८३ बघतो आणि तोंड पाडून बसतो. आयुष्यात पहिल्यांदाच इतका वरचा आकडा आलाय आणि घरात सांगायची सोय नाही.

आकडा वाढवून सांगण्याची आमची सवय कंपन्यांनाही लागलेली दिसते. २०१७ साली रायझन १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर आले, ते खऱ्या तापमानात तब्बल २० अंश मिळवून सांगायचे. सगळ्या मॉडेलांचे पंखे एकाच हिशेबानं चालावेत म्हणून हे मुद्दाम केलेलं होतं. गिऱ्हाईक हबकलं, तेव्हा कंपनीनं खुलासा केला की वीस वजा करून वाचा. आम्ही दोन-तीनच मिळवतो, आणि वजा करा असं कधी कबूल करत नाही.

प्रोसेसर पहिल्यापासून असे समजूतदार नव्हते. नव्वदीच्या सुरुवातीचे ४८६ पुष्कळदा उघड्या डोक्यानंच चालत. वर ना हीटसिंक ना पंखा. तेव्हा ठाण्या-डोंबिवलीच्या कॉम्प्युटर क्लासात एसी असायचा आणि चपला बाहेर काढायला लागायच्या. एसी मशीनसाठी होता, विद्यार्थी आपोआप गार व्हायचे. डॉसची एक कमांडही ज्यांना शेवटपर्यंत पाठ झाली नाही, असे कितीतरी जण उन्हाळ्याच्या सुट्टीतला कोर्स एकही दिवस न बुडवता पूर्ण करत.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि त्यातून पुढे गल्लोगल्ली एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले. त्याच वर्षी टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटच्या मंडळींनी एक अघोरी प्रयोग केला. गेम चालू असताना प्रोसेसरच्या डोक्यावरचा हीटसिंक उपटून काढायचा आणि काय होतं त्याचं चित्रीकरण करायचं. पेंटियम ४ रडतखडत का होईना, चालत राहिला. पेंटियम ३ जागच्या जागी गोठला. आणि एएमडीचे दोन्ही ॲथलॉन जळाले, त्यातून चक्क धूर निघाला. पुढची कित्येक वर्षं डोंबिवलीतला दुकानदार एएमडी मागणाऱ्याला म्हणायचा, "घ्या, पण गरम होतो हं." प्रोसेसर बदलले, कंपनीची मालिकाच्या मालिका बदलली. वाक्य अजून चालू आहे.

नियतीचा विनोद असा की त्यानंतर तीनच वर्षांनी गरम निघाला तो इंटेलचा. २००४चा प्रेसकॉट जातीचा पेंटियम ४ इतका तापायचा की जगभर त्याला 'प्रेसहॉट' म्हणू लागले. त्याला चार गिगाहर्ट्झपर्यंत न्यायचा बेत होता. तो त्याच ऑक्टोबरात सोडून द्यावा लागला, आणि कंपनीचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत थट्टेथट्टेत का होईना, गुडघे टेकून माफी मागितली. जगात प्रोसेसरच्या तापापायी गुडघे टेकलेला एवढा मोठा माणूस दुसरा मला तरी ठाऊक नाही.

त्याच जातीचं एक मशीन आमच्या ओळखीच्या डीटीपीवाल्यांकडे अजून चालतंय. पेजमेकर आणि श्रीलिपी. वर्षातला त्यांचा सगळ्यात घाईचा काळ दिवाळी अंकांचा, आणि तो नेमका ऑक्टोबर हीटमध्ये येतो. लेखक शेवटच्या दिवशी लेख पाठवतात, संपादक त्यानंतर विशेषणं बदलतात, बाहेर उकाडा आणि आत प्रेसकॉट. पंख्याचा आवाज असा की फोनवर बोलायचं तर गॅलरीत जावं लागतं. नवं मशीन का घेत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "गरम होतो, मान्य. पण जोडाक्षरं बिघडवत नाही."

यापुढे माझी बोलती बंद.

आता झाकणाखालच्या गोष्टी. वन बीएचकेमध्ये कॉम्प्युटरची जागा कॉम्प्युटर ठरवत नाही. दिवाण, फ्रीज, देव्हारा आणि शोकेस बसल्यावर जे उरतं ते त्याला मिळतं. बहुधा स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला पाठ चिकटवून. तिथे फोडणीतून उडालेलं तेल येतं, उदबत्तीची काजळी येते, आणि खालच्या रस्त्याचं सदैव चालू असलेलं काँक्रिटीकरण खिडकीतून येतं. या तिघांचं मिळून हीटसिंकच्या पात्यांत जे बसतं ते फुंकून जात नाही, सोलून काढावं लागतं. वरून कॅबिनेटवर काकूंनी विणलेलं क्रोशाचं आच्छादन. गरम हवा बाहेर पडायची जाळी बरोबर त्याखाली. आच्छादन काढायला सांगितलं तर काकू म्हणाल्या, "मग धूळ नाही का बसणार?" धूळ खालच्या पंख्यातून केव्हाच आत जाऊन बसली आहे, हे बाईमाणसाच्या विणकामासमोर कसं सांगणार?

आपल्याकडे आणखी एक खास अडचण आहे, प्लास्टिक. रिमोट प्लास्टिकमध्ये, गाडीच्या सीटा प्लास्टिकमध्ये, मिक्सरवरचा स्टिकर मिक्सर जाईपर्यंत तसाच. हीटसिंकच्या तळाला कारखान्यातून एक पातळ पारदर्शक चकती चिकटवलेली येते. बसवण्याआधी ती सोलायची असते. एका घरात मुलानं मशीन स्वतः जोडलं आणि चालू केल्याबरोबर ते ९८ला गेलं. उघडून पाहिलं तर चकती जिथल्या तिथे. वडिलांनीच काढू दिली नव्हती. "नवीन राहील."

ती चकती काढून जिथे पेस्ट लावायची, तिथलं शास्त्र ऐकण्यासारखं आहे. प्रोसेसरचा माथा आणि हीटसिंकचा तळ कितीही गुळगुळीत दिसले तरी दोघांमध्ये सूक्ष्म फटी राहतात आणि फटींत हवा अडकते. तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगली उष्णता वाहून नेतं, त्यामुळे तेवढीशी हवाही वाटेत मोठा अडथळा होते. पेस्ट तांब्याच्या जवळपासही पोचत नाही, पण हवेला हाकलते. मटाराच्या दाण्याएवढी पुरते. काही वर्षांनी ती वाळते आणि तापमान हळूहळू वर सरकू लागतं. दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला विचारलं की पेस्टऐवजी टूथपेस्ट चालते असं ऐकलंय, खरं का? तो गंभीरपणे म्हणाला, "चालते ना. आठवडाभर."

या मुलाची पद्धत ठरलेली आहे. तक्रार कुठलीही असो, आधी रॅम काढायची, खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासायचे, परत बसवायची. मग कॅबिनेट गॅलरीत नेऊन ब्लोअर मारायचा. (खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे कपडे वाळत असतील तर हा टप्पा दोन्ही बाजूंनी तापतो.) मग पेस्ट. एवढं करून भागलं नाही तर, "फॉरमॅट मारू या."

तो गावाला गेला असताना काकांच्या मशीनचा पंखा कुरकुरायला लागला. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ मदतीला धावले. ते नोकरीसाठी रोज फोर्टला जातात आणि लोकलमधला अडकलेला पंखा खिशातल्या कंगव्यानं ढोसून सुरू करायची विद्या त्यांच्या बोटांत आहे. त्यांनी झाकण उघडलं, क्षणभर पाहिलं, कंगवा काढला आणि पात्याला एक टोला दिला. पंखा फिरला. आकडे भराभर उतरले. काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. गृहस्थांनी कंगव्याला लागलेली काळी लोकर पँटला पुसली आणि त्याच कंगव्यानं भांग पाडून ते वर गच्चीवर टाकी बघायला गेले.

इतकं जपूनही शेवटी मरतो तो प्रोसेसर नसतोच. दुरुस्तीच्या दुकानात मागच्या बाजूला बघा: एसएमपीएस, हार्ड डिस्का, मदरबोर्डवरचे पोट फुगलेले कपॅसिटर. या कपॅसिटरांचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं, आणि त्यांच्या तापमानाचा आकडा कुठल्याच प्रोग्रॅममध्ये दिसत नाही. त्यात वीज जाते, येते, येताना उसळून येते. अधूनमधून एसएमपीएसच्या उबेला पाल जाऊन बसते आणि दोघंही जातात. प्रोसेसर मात्र त्या ढिगातून काढून दुसऱ्या मदरबोर्डवर बसवला की निमूट कामाला लागतो. कालनिर्णयवर नोंद त्याची, आणि तेराव्याची वेळ येते एसएमपीएसवर.

खोलीतल्या माणसांना ताप होतो तो वेगळाच. कॉम्प्युटर जितकी वीज घेतो, तितकी उष्णता खोलीत सोडतो. दुसरीकडे जाणार कुठे? गेमचं मशीन जोरात असताना ३०० वॉट सहज घेतं. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो. संध्याकाळी नातवानं गेम लावला की काकांच्या हॉलमध्ये तीन पाहुणे येऊन बसल्यासारखं होतं. फक्त ते चहा घेत नाहीत आणि रात्री साडेअकरापर्यंत उठत नाहीत. या हिशेबानंतर काकांनी जाहीर केलं की आता एसी घ्यावाच लागेल. मशीनसाठी.

काकूंनी त्यांच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी चपला शोधू लागलो. बाळंतपणं उन्हाळ्यात झाली, मुलींच्या दहावी-बारावीच्या परीक्षा मार्चमध्ये झाल्या, तेव्हा "पंखा आहे की" हे उत्तर होतं. पण त्या बोलल्या नाहीत. एसी येतोय तर येऊ दे, कोणाच्या नावानं का होईना.

एसी बेडरूममध्ये बसला आणि कॉम्प्युटर त्याच्या मागोमाग हॉलमधून आत गेला. २०२०पासून नवे एसी चालू करताच २४ अंशांवर उभे राहतात, तसाच हाही राहिला. सरकारी आकडा म्हणून काकांनी त्याला हात लावला नाही. प्रोसेसर ८१वरून ७०वर आला. कालनिर्णयच्या त्या चौकोनात रीडिंगभोवती लाल पेनानं गोल आहे. त्या रात्री काकांनी यूएसच्या बाजाराचे आकडे बघायला मशीन चालू ठेवलं, तेव्हा अंधारातून आवाज आला, "अहो, तो घरघरतोय. आणि निळा दिवा डोळ्यांवर येतोय."

"अगं, पण एसी त्याच्यासाठीच—"

"त्याला बंद करा. एसी राहू दे."

तेव्हापासून एसी रात्रभर असतो आणि कॉम्प्युटर दिवसा, एसी बंद असताना, चालतो. प्रोसेसर पुन्हा ८१वर आहे, आणि ते कोणी लिहून ठेवत नाही. कालनिर्णयवर आता दुसरंच रीडिंग असतं. परवा काकांनी मला पुन्हा जिन्यात अडवलं, आजूबाजूला कोणी नाही असं बघून आवाज खाली आणला आणि विचारलं, "विजेच्या मीटरला वरची मर्यादा असते का हो?"